अडतीस मेंढ्यांची तोंडं

तुमचे शेजारी कसे होते, असं माझ्या बायकोला कोणी विचारलं तर ती सांगते, माणूस लाखमोलाचा, पण दोरीवर कपडे वाळू घालायची सोय ठेवली नाही. घनसावंगीला आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून होती आणि अंगण एकच. अंगणातल्या दोरीवर निम्म्यात आमचे कपडे आणि निम्म्यात ड्रॉइंगवाल्या सरांचे छाप, असं ठरलेलं होतं. छाप म्हणजे लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, त्यावर छापखान्याची काळी शाई फिरवायची, वर कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासायचा आणि मग तो ओला कागद चिमट्यानं दोरीला टांगायचा. निम्म्याचा करार पहिल्याच महिन्यात मोडला. एका सकाळी मी घाईत दोरीवरचा पांढरा शर्ट ओढला, अंगात घातला आणि शाळेत गेलो. नववी ब च्या वर्गात त्रिकोण काढायला फळ्याकडं तोंड केलं आणि वर्ग हसायला लागला. दोघांना बाहेर काढलं. तिसऱ्याला काढताना तो म्हणाला, सर, तुमच्या पाठीवर बकरी आहे.

बकरी नव्हती, मेंढी होती. हे मला मधल्या सुट्टीत ड्रॉइंगवाल्या सरांनीच सांगितलं, आणि तेही दुखावल्या आवाजात.

"सर, हा शर्ट धुऊ नका," माझ्याभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले. "कागदापेक्षा तुमच्या पाठीवर जास्त साफ उठली हाये. मालिकेत घेतो मी. कागद सहा, शर्ट सातवा."

मी गणिताचा मास्तर. मला राग जल्दी येतो आणि सावकाश जातो. शर्ट मी दिला नाही. बायकोनं लिंबू लावलं, रॉकेल लावलं, शेवटी ब्रशनं घासला. शर्ट विरला, मेंढी गेली नाही. पुढं दोन वर्षं आमची फरशी त्या मेंढीनं पुसली जात होती, आणि आमच्याकडं आले की सर आधी त्या फडक्याकडं बघून हळहळत, मग मला रामराम करत.

अठरा वर्षं आम्ही एका शाळेत काढली, पण या माणसानं एक चित्र म्हणून कधी काढलं नाही. काढायचे ते आठ, बारा, वीस. सगळी एकाच गोष्टीची. एकदा मी वैतागून विचारलं की पहिलं बरं आलं होतं, पुन्हा तेच कशाला? तर म्हणाले, "एक चित्र म्हणजे अफवा हाये, सर. तेच धा-बारा बार काढलं की मंग खबर होती." असली वाक्यं ते टाकून द्यायचे आणि आपण दिवसभर ती डोक्यात घेऊन फिरायचं.

एसटी स्टँडवर विसरून राहिलेल्या चपलांची मालिका झाली. नळाला पाणी यायच्या आधी रांगेत लावून ठेवलेल्या हंड्यांची झाली. हेडमास्तरांच्या रिकाम्या खुर्चीचे त्यांनी नऊ छाप काढले आणि स्नेहसंमेलनात प्रदर्शनाला लावले. हेडमास्तर एकेका छापासमोर उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "यात मी कुठाय?"

"तुम्ही मीटिंगला गेल्ते, सर."

"नऊच्या नऊ वेळा?"

"व्हय सर. नऊच्या नऊ वेळा."

हेडमास्तर सज्जन होते. त्यांनी महिनाभर मीटिंगा कमी केल्या.

माझीही मालिका झाली, मला न विचारता. रोज सकाळी मी अंगणात दात घासायचो आणि हा गृहस्थ खिडकीतून बघायचा. चौदा छाप. लुंगी, फेस, वर केलेलं तोंड, एका छापात तर चूळ भरतानाचे फुगलेले गाल. बायको हसून हसून पायरीवर बसली. अपमान गिळून मी एकच मुद्दा काढला, की मी डावखुरा नाही आणि चौदाही चित्रांत ब्रश माझ्या डाव्या हातात आहे.

"छाप उलटाच उठतो, सर. फळीवर तुम्ही उजव्या हातानंच घासून राह्यले."

"मग फळीवर आधीच उलटं काढावं. कागदावर सुलटं येईल."

"त्याला आरसा घेऊन बसावं लागतं. आमच्या घरातला आरसा रिकामा कधी असतो?" असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. "अन् तुम्हाला तरी तुमचं थोबाड रोज आरशात उलटंच दिसतं. आजपोत्तर तक्रार केली का?"

वहिनी म्हणजे त्यांची बायको, हिच्या सोसण्याला मात्र तोड नव्हती. शाळेमागं पडलेल्या मोडक्या बाकांच्या फळ्या सर कोरायला आणत. मोडक्या छत्रीच्या काड्या दगडावर घासून त्यांची कोरणी करत, त्यामुळं पावसाळ्यात स्टाफरूममध्ये प्रत्येकजण आपली छत्री मांडीवर घेऊन बसायचा. एकदा फळ्या संपल्या तेव्हा त्यांनी वहिनींच्या माहेरच्या सागवानी पोळपाटाची मागची बाजू कोरली. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी पोळपाट पालथा पडला आणि पोळीवर एसटी स्टँडवरची चप्पल उठली. वहिनींनी ती पोळी तशीच भाजून सरांच्या ताटात वाढली. सरांनी ती खाण्याआधी उजेडात धरून बघितली, हे मला वहिनींनीच सांगितलं.

पळीनं घासून हात भरून येतात म्हणून एकदा त्यांनी रसवंतीवाल्याला पटवलं. उसाच्या चरकात फळी आणि कागद घालून दाबले की छाप एका झटक्यात निघेल, असा हिशेब. निघालाही. कागदावर चरकाच्या खाचांच्या रेघा उमटल्या, त्या सरांना फार आवडल्या. पण कागद उसाच्या रसानं माखलेला. आठ छाप त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात लावले आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी सगळं प्रदर्शन झाकून टाकलं. आम्ही झाडू घेऊन धावलो, तर सर आडवे आले. "थांबा, त्यायचं बघून होऊ द्या," म्हणाले.

हे वेड कुठून आलं, हे त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील मेंढपाळ. दोन-अडीचशे मेंढरं आणि प्रत्येकीचं तोंड त्यांना पाठ. लहानपणी सरांना सगळ्या सारख्याच दिसायच्या. चुकीची मेंढी धरली की वडील एक ठेवून द्यायचे आणि म्हणायचे, पुन्हा बघ. पुन्हा चुकलं की पुन्हा बघ. "शंभर बार बघितलं, सर, अन् एक दिवस दिसली. हिचं नाक येगळं, तिचं कपाळ येगळं. मला तवा रडू आलं," असं ते म्हणाले. लोकर कातरल्यावर मेंढीच्या पाठीवर गेरूचा ठसा मारायचं काम पोरांकडं असायचं. तो त्यांचा पहिला छाप. नंतर त्यांनी तोच ठसा गावातल्या शाळेच्या भिंतीवर मारला. तिथल्या मास्तरांनी बडवलं आणि मग ड्रॉइंगची वही आणून दिली.

सर शिकले, मास्तर झाले. थोरला भाऊ कळपामागं राहिला. वडलांच्या माघारी कळप आटत आटत अडतीस मेंढ्यांवर आला होता. उन्हाळ्यात थोरला गोदावरीच्या काठानं शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा, म्हणजे रानाला खत मिळायचं आणि याला ज्वारी. सर दर रविवारी जीपनं जिथं कळप असेल तिथं जायचे आणि एका मेंढीसमोर वही घेऊन बसायचे. दोन वर्षं. थोरला बांधावरून बघायचा. मी एकदा सोबत गेलो होतो तेव्हा तो मला म्हणाला, "आमच्या बापानं ह्याला मेंढरं राखायला काढला, तर ह्यो मेंढरं कोरायला बसला. पगार चालू हाये म्हणून बरं, न्हाईतर लोकांनी झाडाला बांधला असता." त्यानं एकही छाप कधी बघितला नव्हता. बघायला मागितला नाही आणि सरांनी दाखवला नाही. सर एरवी वाटेनं जाणाऱ्याला धरून चित्रं दाखवायचे, पण भावापुढं पिशवीची दोरी सुटायची नाही.

अडतीस मेंढ्यांचे अडतीस छाप. एका मेंढीचा एकच. छापून झाला की फळीवर रंधा मारून ती कोरी करायची आणि पुढचं तोंड कोरायचं. मी म्हटलं, अहो, दोन-चार प्रती तरी काढा. तर म्हणाले, "मेंढी तरी एकच असती ना?" संभाजीनगरच्या एका डॉक्टरांना त्यातली एक मेंढी दवाखान्यात लावायला हवी होती. गाडी घेऊन आले होते बिचारे. सरांनी चहा पाजला, पोहे दिले आणि हात जोडले. "डॉक्टरसाहेब, ओळीतला एक दात पाडून मागून राह्यले तुम्ही." डॉक्टर नेमके दातांचेच होते. ते हसले आणि रिकामे परत गेले.

मग ते झालं. एका सोमवारी पहिल्या तासाला सरांचा फोन वाजला. कळपातल्या अकरा मेंढ्या चोरीला गेल्या होत्या. थोरला गावात पीठ आणायला गेला होता तेवढ्यात कोणी टेम्पो लावून नेल्या. अकरा म्हणजे थोडं नाही, आणि नेमक्या चांगल्या नेलेल्या. थोरला फोनवर एवढंच म्हणाला, की उरलेल्या सत्तावीसवर घर चालत नाही, त्या इकून टाकतो अन् जालन्याला एमआयडीसीत वॉचमन लागतो. सरांनी फोन खिशात ठेवला आणि वर्गात जाऊन फळ्यावर काहीच न काढता तासभर उभे राहिले.

गुरुवारी पत्ता लागला. बाजाराच्या गावी एका व्यापाऱ्याच्या वाड्यात त्यातल्या नऊ निघाल्या. दोन आधीच कुठंतरी गेल्या होत्या. पोलिसांनी नऊ मेंढ्या आणि व्यापारी असं सगळं ठाण्याच्या आवारात आणून उभं केलं. व्यापारी म्हणत होता, माझ्याच आहेत. त्यानं आल्या आल्या लोकर कातरून टाकलेली, त्यामुळं पाठीवरचा गेरू गेलेला. कानाची खूण म्हणावी तर कान सगळेच कापतात.

ठाण्याचे साहेब थोरल्याला म्हणाले, "तुमच्याच कशावरून?"

"मी वळखतो ना, साहेब."

"तो पण म्हणतो, मी ओळखतो."

"मंग सोडा त्यायला. हाक मारली का माह्याकडं येत्याल."

मेंढ्या सोडल्या. थोरल्यानं जीभ टाळूला लावून आवाज काढला. त्याच वेळी जमादार कोपऱ्यात मक्याचं कणीस खात उभे होते. नऊच्या नऊ मेंढ्या जमादारांकडं धावल्या. तीन दिवस उपाशी जनावर, ते काय करणार? पण व्यापारी म्हणाला, "बघा साहेब, मंग काय जमादाराच्या समजायच्या का?" आणि सगळं ठाणं हसलं.

हे आम्हाला नंतर कळलं, कारण तेव्हा आम्ही वाटेत होतो. माझी मोटारसायकल, मागं सर आणि सरांच्या छातीशी छापांची ती भली मोठी पुठ्ठ्याची पिशवी. वारा असा की पिशवी आम्हाला उसाच्या फडात ओढत होती. मी ओरडून सांगितलं, पिशवी आडवी धरा. सर म्हणाले, आडवी धरली तर कागद सरकतात. दोनदा आम्ही रस्त्याखाली उतरलो.

ठाण्यात पोचल्यावर सरांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, ह्यायचे सगळ्यायचे फोटो हायेत माह्याकडं." फोटो म्हटल्यावर साहेब सावरून बसले. सरांनी पहिला छाप काढला. त्यावरची मेंढी बोटानं दाखवून पुढं आणायला लावली. बाहेर ओट्यावर सगळे गोळा झाले.

साहेबांनी एकदा छाप बघितला, एकदा मेंढी. "गुरुजी, चित्रातल्या मेंढीच्या ह्या डोळ्याला काळा डाग आहे. हिच्या त्या डोळ्याला आहे."

सरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दुसरी मेंढी आणली, दुसरा छाप काढला. कपाळावरचा पांढरा पट्टा चित्रात एकीकडं वळलेला, मेंढीचा दुसरीकडं. तिसरी. कानाची फट चित्रात अलीकडं, मेंढीला पलीकडं. व्यापारी म्हणाला, "ह्यायच्या मेंढ्या दुसऱ्याच असतील, साहेब. बघा की, एक बी जमत न्हाई."

थोरला ओट्याखाली उभा होता. तो मोठ्यानं बोलला नाही. "जिंदगीभर मेंढरं कोरली," तो भावाला म्हणाला, "अन् ती बी चुकीची."

खरं म्हणजे गोष्ट सोपी होती आणि मला तर ती चौदा वेळा दाखवलेली होती. पण तीन मेंढ्या होईपर्यंत माझंही डोकं चाललं नाही. आणि ज्यानं ती मला समजावली होती, तो माणूस दोन वर्षं त्या उलट्या मेंढ्या रोज भिंतीवर बघत आला होता. त्याला आता त्याच सुलट्या वाटत होत्या. सर नुसते कागदाकडं बघत होते, भावाकडं बघत होते. मला इतका राग आला की मी साहेबांपुढं त्यांच्यावर ओरडलो. "अहो, चौदा वेळा ब्रश डाव्या हातात दिला होता माझ्या, आता तोंड उघडा ना."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग पिशवीतून नऊतल्या उरलेल्या सहा मेंढ्यांचे छाप काढले आणि त्या सहाही आणायला लावल्या. सहाही चुकल्या. प्रत्येक वेळी सर म्हणत होते, "बराबर." साहेबांना वाटलं, मास्तरांवर परिणाम झाला.

"साहेब," सर म्हणाले, "एक चुकली असती तर मी चुकलो असतो. नऊच्या नऊ सारख्याच चुकल्या म्हणजे मी बराबर हाये."

"हे कुठलं गणित?"

सर म्हणाले, "गणिताचे मास्तर हे उभे हायेत. इचारा." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी घसा साफ केला आणि गणित बरोबर आहे, असं सांगितलं. अठरा वर्षांत त्या माणसाशी मी पहिल्यांदा सहमत झालो होतो आणि तेही पोलिस ठाण्यात.

मग सरांनी एक छाप उचलला आणि आवारात उभ्या असलेल्या पोलिस जीपच्या बाजूच्या आरशासमोर धरला. आरशात डाग ह्या डोळ्याचा त्या डोळ्याला गेला. जमादारांनी मेंढी शेजारी उभी केली. साहेब वाकून एकदा आरशात बघायचे, एकदा मेंढीकडं. नाक तेच, डाग तोच, कानाची फट तिथंच. दुसरी आणा, म्हणाले. तिसरी आणा. नऊ मेंढ्या रांगेनं त्या जीपसमोरून गेल्या. सहाव्या मेंढीला व्यापारी पाणी मागायला लागला आणि आठव्या मेंढीला त्यानं टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं.

साहेब खूश झाले. छाप पंचनाम्याला जोडतो म्हणाले. एवढं सगळं झाल्यावरही सर पिशवी छातीशी धरून म्हणाले, "ते न्हाई जमणार, साहेब. मालिका फुटती." आता आपल्यालाच आत टाकतात, असं मला वाटलं. साहेबांनी जमादारांना मोबाईलवर फोटो काढायला लावले आणि हात जोडून आम्हाला घालवलं.

दुपारी मेंढ्या रानात पोचल्या. कळपात शिरल्या आणि पाच मिनिटांत कोणती गेलेली आणि कोणती राहिलेली, हे कातरलेल्या पाठीवरूनच तेवढं कळत होतं. थोरल्यानं छत्तीसच्या छत्तीस मोजून घेतल्या. मग भावाकडं न बघता म्हणाला, "दाखव."

सरांनी बांधालगत घोंगडी अंथरली आणि अडतीस छाप ओळीनं मांडले. थोरला गुडघ्यावर बसला. बोट न लावता एकेकीवरून डोळे फिरवत गेला. "ही कावरी. ही हिची लेक. ही वाकड्या पायाची. हिला कुत्र्यानं धरलं होतं." उलटी असली तरी त्याला काही अडलं नाही. मधेच एकीपाशी थांबून म्हणाला, "हिचं तोंड असंच हाये. बाप असता तर..." म्हणत पुढच्या कागदाकडं सरकला. सर पुढं वाकले होते. वर्गात पेपर तपासून घेणाऱ्या पोराचं तोंड होतं त्यांचं. मी दुसरीकडं बघितलं, कारण माझ्याच डोळ्यांचं खरं नव्हतं.

मग तो त्या दोघींपाशी आला, ज्या परत आल्या नव्हत्या. एक कळपाच्या पुढं चालणारी म्हातारी आणि एक गाभण. त्यांच्यापाशी तो इतका वेळ थांबला की सरांना राहवलं नाही. दंतवैद्याला नाही म्हणालेल्या, पोलिसांना नाही म्हणालेल्या त्या माणसानं ते दोन कागद ओळीतून उचलले आणि दोन्ही हातांनी भावापुढं धरले. "घे, दादा. तुझ्याजवळ ठेव."

थोरल्यानं हात धोतराला पुसले आणि कागद घेतले. म्हातारीच्या तोंडाकडं बघितलं, गाभणीच्या तोंडाकडं बघितलं. मग वाकला, ओळीत जिथं जागा रिकामी झाली होती तिथं ते दोन्ही कागद परत ठेवले आणि शेजारचे जरा सरकवून त्यांना लावून घेतले.

"हितंच ऱ्हाऊ दे कळपात," तो म्हणाला. "एकल्या बुजत्याल."